तेहतीस नंबर, हजर

सोमवार, ता. ४

सहावी ब! शाळा एवढी मोठी की तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत सकाळचा नाश्ता जिरला. आमची जुनी शाळा पाचवीपर्यंतच. तिथे आम्ही सगळ्यांत मोठ्या होतो, इथे परत सगळ्यांत लहान. आठवीची मुलं जिन्यात अशी बघतात की जसं काही आम्ही त्यांच्या पायात आलोय.

पण खारू माझ्याच वर्गात! बालवाडीपासूनची मैत्रीण माझी. एवढीशी आहे आणि एका जागी ठरत नाही, म्हणून खारू. माझा नंबर बत्तीस, तिचा तेहतीस. शेवटचा बाक, भिंतीला लागून, आम्ही दोघीच. आणखी काय पाहिजे?

वर्गाच्या बाई गणिताच्या. अंबाड्यात पेन्सिल खोचतात आणि मग तीच शोधत बसतात. अख्ख्या वर्गाला दिसत होती, एकानेही सांगितलं नाही. पेन्सिलबाई! नाव ठेवायला मला दोन मिनिटं लागली.

मंगळवार, ता. ५

इथे हजेरी नावाने नाही, नंबराने. पेन्सिलबाई नाक रजिस्टरात घालून धडाधडा नंबर म्हणतात, आपण 'हजर बाई' म्हणायचं, की टिक. बावन्न मुलं आणि जेमतेम एक मिनिट. वर बघतच नाहीत! दिवसातून दोनदा. पहिल्या तासाला आणि मधल्या सुट्टीनंतर पावणेदोनला. कोणी नसलं की दहा मिनिटांत ऑफिसातून घरी फोन.

दादा म्हणाला, 'शाळा आहे का तुरुंग?' त्याला काय जातंय बोलायला! त्याच्या कॉलेजात हा मेला का जगला कोणी विचारत नाही.

गुरुवार, ता. ७

मधल्या सुट्टीत पेन्सिलबाईंची नक्कल केली. मुली हसून हसून लोळल्या. मग शिट्टी सरांची. (खेळाचे सर. शिट्टी झोपतानासुद्धा काढत नसतील.) मग खारूची. तिचा आवाज बारीक आणि शेवटी जरासा चिरका. 'मी अशी बोलते?' म्हणाली. अगदी अश्शीच बोलते! दादा मला भोंगा म्हणतो. म्हणू दे. नाचता येईना, अंगण वाकडं.

शिट्टी सरांनी आज सांगितलं – पंचवीस तारखेला पोहण्याच्या संघाची निवड. पंचवीस मीटर, मध्ये न थांबता. जे निवडले जातील ते क्रीडा वसतिगृहात. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिकडेच. खारूने बाकाखाली माझा हात एवढा दाबला की बोटं पांढरी पडली.

तिला मामाकडून निघायचंय. तिची आई गेल्यापासून ती मामाकडे असते. मामा वाईट नाहीत, सायकली दुरुस्त करतात, कमी बोलतात. मामींचं बोलणं मात्र आम्हाला रस्त्यावर ऐकू येतं. खारू म्हणते, 'सहा वर्षं मी तिथे पाहुणी आहे. पाहुण्यांना निदान बस तरी म्हणतात.' मला हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला.

सोमवार, ता. ११

हे लिहू का नको? लिहिते. लिहिणं म्हणजे सांगणं नाही.

टेकडीपलीकडे दगडाची जुनी खाण आहे, बंद पडलेली. पाणी साचलंय. खारू तिथे पोहायला शिकतेय. सुट्टीपासून! एकटी! मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? तर म्हणते, 'मग काय करू? मामी मला तलावावर सोडणारेत?' संध्याकाळी ती घराबाहेर पडू शकत नाही. उरली सकाळ, म्हणजे पहिला तास.

'तू माझं हजर म्हण. दुसऱ्या तासाला मी मागच्या कुंपणातून येते. पंचवीसपर्यंतच, भोंगे!'

मी नाही म्हटलं. तिने तोंड एवढंसं केलं. मी हो म्हटलं. माझं हे नेहमीचंच.

मग शपथ घातली. माझ्या आईची! कोणाला सांगितलंस तर तुझी आई – पुढचं लिहीत नाही. म्हटलं, माझी स्वतःची घाल की. 'तुझी तू मोडशील,' म्हणाली. मला चांगली ओळखते.

मंगळवार, ता. १२

'बत्तीस.' 'हजर बाई.'

'तेहतीस.' 'हजर बाई!' – बारीक, शेवटी चिरका.

टिक!! जमलं! दुसऱ्या तासाला खारू आली, केस ओले. भूगोलाच्या सरांना म्हणाली, डोक्यावरून अंघोळ केली. रोजच?

शनिवार, ता. १६

दोन दिवस पाऊस. खारूचा गुडघा सोलवटलाय. 'काठ निसरडा झालाय, बाकी काही नाही.' पंधरा मीटर जमतात म्हणे. कशाने मोजले विचारलं तर म्हणते, मामांच्या दुकानातली टेप आणली. चोर कुठली!

आणि काय म्हणाली – 'खाण तुझ्यापेक्षा छान नक्कल करते. एक हाक मारली की तीन परत देते.' मी म्हटलं, आणि बाहेर ऐकू जाते का? 'छे! बाहेर कोण असतं ऐकायला?'

मला नाही आवडलं ते. दिवसभर तेच डोक्यात.

सोमवार, ता. १८

पुरे झालं! आज तिला स्पष्ट सांगितलं, मला सोडव यातून, 'सुटली' म्हण. शपथ ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हटलं तर सुटते, नाहीतर आयुष्यभर मानेवर. ती म्हणाली, 'पंचवीसला म्हणते.' मी म्हटलं, मीच म्हणते तुझ्या आवाजात, मग बस बोंबलत. ती एकदम गंभीर झाली. 'चालत नाही. चौथीत तू दादाच्या आवाजात म्हटलं होतंस, आठवतंय? दुसऱ्याच दिवशी तुझा हात मोडला. तोंड ज्याचं त्याचंच लागतं.'

हात झाडावरून पडून मोडला होता. पण दुसऱ्याच दिवशी, हे खरं.

मंगळवार, ता. १९

आईला ओट्याशी चक्कर आली. डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, गोळ्या दिल्या. मी तर कोणाला काही सांगितलेलं नाही! मग का? फक्त सांगावंसं वाटलं होतं. नुसतं वाटलेलंही धरतात का?

बुधवार, ता. २०

खारूशी भांडले. कुंपणापाशी ती म्हणाली, 'वीस मीटर झाले! उद्या पूर्ण पंचवीस.' मी म्हटलं, बुड तिकडे.

असं म्हणायला नको होतं. उद्या हजर म्हणेन, आणि दुसऱ्या तासाला ती आली की आधी सॉरी.

गुरुवार, ता. २१

सकाळी 'हजर' म्हटलं. टिक.

दुसऱ्या तासाला आली नाही. तिसऱ्या तासाला नाही. वाटलं रुसली. रुसूबाई आहेच ती. मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून कुंपणाकडे पळाले. कोणी नाही. टेकडीपर्यंत जावं असं मनात आलं, तेवढ्यात घंटा झाली. मी परत आले. घंटा झाली म्हणून!

पावणेदोन. 'एकतीस... बत्तीस...' मी गप्प बसले असते तर दहा मिनिटांत मामींना फोन. मग वसतिगृह संपलं, खारू मला जन्मात माफ करणार नाही. आणि अजून येईल की! कदाचित पंचवीस मीटर झाले आणि बसलीय ऊन खात.

'तेहतीस.'

'हजर बाई.'

या वेळी आवाज इतका छान लागला की माझ्याच अंगावर काटा आला.

संध्याकाळी सहाला मामा दारात. हात काळे, ग्रीस पुसलेलंसुद्धा नाही. 'इथे आलीय का गं?' मी नाही म्हणून मान हलवली. 'शाळेत जाऊन आलो. बाई म्हणतात दुपारी होती, रजिस्टरात आहे. म्हणजे सुटल्यावरच कुठेतरी... तुझ्याबरोबर निघाली का?'

'माझ्या पुढे निघाली,' मी म्हणाले. का म्हणाले? तोंडातून गेलं.

ते गेले तशी मी स्वयंपाकघरात गेले. ठरवून गेले. म्हटलं, 'आई, ऐक ना, खारू ना –' आणि आईने भिंत धरली. 'थांब गं... अंधारी आली.' खालीच बसली. दादाने साखरपाणी दिलं. आईचे ओठ पांढरे पडले होते.

'काय सांगत होतीस?' नंतर विचारलं तिने.

'काही नाही.'

शुक्रवार, ता. २२

पेन्सिलबाईंनी हजेरी घेतली. सवयीने 'तेहतीस' म्हणाल्या. मग मान वर केली. पहिल्यांदा. त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या, आणि मग माझ्याकडे. मी वही उघडली.

साडेअकराला पोलीस आले. शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता, बस स्टँड, बाजार, सगळीकडे शोधतायत. सगळं उलट दिशेला! टेकडीकडे कोणी बघतसुद्धा नाही. बघतील कशाला? दुपारपर्यंत ती वर्गात होती ना.

पुढच्या बाकावरची दोन वेण्यांवाली म्हणाली, 'बाई, मला वाटतं काल ती नव्हतीच.' पेन्सिलबाई तिच्यावर केवढ्या ओरडल्या! 'तुला वाटून काय होतं? रजिस्टर खोटं बोलतं का? एकोणीस वर्षं हजेरी घेतेय मी!' पण रजिस्टर मिटलं आणि लगेच परत उघडून बघितलं. पेन्सिल अंबाड्यातून पडली, घरंगळत पार दारापर्यंत गेली. कोणी हसलं नाही.

पोलीसबाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. खूप हळू बोलल्या. 'घाबरू नकोस बाळा. काल दुपारी तुझ्या शेजारीच होती ना ती?'

आईचे पांढरे ओठ आठवले.

'हो,' म्हणाले.

'शाबास,' म्हणाल्या त्या. शाबास!

जेवले नाही. आई पाठीवरून हात फिरवत होती, तिला वाटतंय मैत्रिणीच्या काळजीने. त्या हाताचाच मला त्रास होत होता. आई का खारू, असं कोणी विचारतं का? मला विचारलंय. आणि मी उत्तर देऊन बसलेय.

शनिवार, ता. २३

सकाळी उठले आणि कळलं, आज परत 'हो' म्हणता येणार नाही. मरेन मी.

न्हाणीघरात गेले, कडी लावली. आरशात बघितलं. पहिल्यांदा आवाजच फुटेना. दुसऱ्यांदा माझाच आला. तिसऱ्यांदा लागला – बारीक, शेवटी चिरका.

'सुटली.'

आरशात खारूच होती असं वाटलं क्षणभर.

बाहेर आले, सगळं सांगितलं. खाण, हजेरी, दोन्ही वेळची, पोलीसबाई, सगळं. डोळे आईवरून काढलेच नाहीत. आत्ता पडेल, आत्ता पडेल. आई पडली नाही. उभी राहिली, दादाला हाक मारली, पायात चप्पल नाही, पदराचं भान नाही, तशीच मामांच्या दुकानाकडे धावत गेली. मी मागून ओरडले, 'आई, हळू!' तिने वळूनही बघितलं नाही.

मामा, दादा आणि पोलीस टेकडीकडे गेलेत. दहा वाजले. आई परत आलीय, दारात बसलीय. धडधाकट आहे. काहीही झालं नाही तिला. माझं 'सुटली' चाललं! मग खारूलाही काही झालं नसणार. असंच असणार. ती आली की आधी एक ठेवून देणार आहे मी.

अकरा वाजले.

रविवार, ता. २४

दादाला वाटलं मी झोपलेय. आईला सांगत होता. पाण्यात गेलीच नव्हती ती. घसरून खालच्या कपारीत पडली होती, पाय मोडलेला, वर चढता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तरी जिवंत होती.

'सुटली' मी शनिवारी सकाळी म्हणाले.