अकराव्याची जागा

जबल अली,
मंगळवार, जेवणाची सुट्टी

प्रिय ॲडेलिन,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून तुला वाटेल, कुणी गेलंबिलं की काय. कुणी गेलेलं नाही. व्हॉट्सॲपवर माझा विश्वास उरला नाही, एवढंच. खरं तर तिथं बोटं चालवणाऱ्या माझ्यावरच उरला नाही. आमच्या ऑफिसातला सुजीत आज संध्याकाळच्या विमानाने निघतोय. नायगावला राहतो. उद्या सकाळी तुझ्या प्रचार कचेरीत येऊन हे तुझ्या हातात देईल. त्याला चहा पाज, पण माझ्याविषयी काही विचारू नकोस. तो मला अजून साहेब समजतो.

निवडणुकीवरचं ते माझं विनोदी लिखाण मी कंपनीच्या बसमध्ये लिहिलं, हे तुला सांगायला हवं. रास अल खोरला ट्रॅफिक तुंबला होता, तासभर रिकामा मिळाला, आणि दोन हजार किलोमीटरवरून माणूस फार शूर होतो. ‘आपल्या वॉर्डाचे उमेदवार आणि आपल्या वेळचे कॉलेजचे फुटबॉल संघ.’ माजी नगरसेवक म्हणजे पैसेवाल्या कॉलेजचा संघ: बँड आहे, नवे कोरे टीशर्ट आहेत, दोन-दोन कोच आहेत, फक्त बॉल कुणी आणलेला नाही, आणि पंच त्यांच्याच गाडीतून उतरतो. दुसरे ते दर निवडणुकीला पक्ष बदलणारे, म्हणजे मध्यंतरात बाजूबरोबर टीशर्टही बदलणारा संघ. गोल कुणावरही होवो, नाचायला हेच पुढे. आणि तिसरी तू. तुझ्याबद्दल मी एकच ओळ लिहिली. ‘आपल्या कॉलेजचा संघ: दहा जण मैदानात, आणि शिट्टी वाजेपर्यंत सगळे फाटकाकडे बघत, अकरावा कुठाय?’

गावातल्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत उम्म अल कुवैनच्या एका गोवेकराने तेच मला फॉरवर्ड केलं, खाली माझं नाव नाही, वर तीन हसणारे चेहरे. मी बसमध्ये एकटा हसलो. तू नुसता अंगठा पाठवलास. क्लेअरला मराठी वाचता येत नाही, म्हणून मोठ्या कौतुकाने मी इंग्रजीत वाचून दाखवलं. सतरा वर्षांची पोरगी, एका कानातला इअरफोन काढून म्हणाली, डॅड, दॅट्स नॉट फनी, दॅट्स मीन. आणि परत कानात घातला. मी म्हटलं, हिला काय कळतंय विनोदातलं.

मग रविवारी कार्लचा फोन आला. तुझा भाऊ मला कधी दोष देत नाही, हीच त्याची खोड आहे. हसत हसत सांगत होता, तुझी ओळ हिट झाली रे मॉरिस, समोरच्यांनी भोंग्यावर लावली आहे, ॲडीची सभा सुरू झाली की रिक्षा येते आणि विचारते, अकरावा कुठाय? पाण्याच्या टँकरविषयी ती काय बोलते ते कुणाला ऐकूच येत नाही. पुढचं सांगताना तो हसला नाही. अकरा बूथ, त्यातल्या दहांवर माणसं बसायला तयार आहेत. चर्चमागच्या शाळेतल्या बूथवर प्रकाश मास्तर बसणार होते. त्यांची स्कूटर शनिवारी विहिरीत सापडली. दोघं घरी येऊन सांगून गेले, मास्तर, मतदानाला घरीच थांबा, अकरावा यायचा नसतो, वाचलं नाहीत का?

माझीच ओळ, ॲडी. मास्तरांच्या दारात उभं राहून त्यांनी माझीच ओळ म्हटली.

तो बूथ मला माहीत आहे. आमचं घर त्याच यादीत. काल मी यादी उघडून बघितली. माझं नाव आहे. आईचंही आहे, ती जाऊन नऊ वर्षं झाली तरी. मागच्या खेपेला आमचं दोघांचंही मतदान झालं, असं कार्ल म्हणाला. मी त्या दिवशी इथे कंटेनर मोजत होतो, आणि आई कुठे होती ते तुला ठाऊक आहे. तिच्या मातीवर तूच फुलं ठेवतेस. तिथं ओळखीचा माणूस बसला नाही तर गुरुवारी ती पुन्हा येईल. अंगठाही देईल.

आता ते दुसरं, जे मी तीस वर्षं लिहिलं नाही. बांद्र्याच्या मैदानावरची फायनल. मला कावीळ झाली होती, असं तुला आईने दारातच सांगितलं. तू पेजेचा डबा घेऊन आली होतीस, आणि आईने तो घेतला. तिने आयुष्यात माझ्यासाठी बोललेलं ते एकच खोटं, नंतर कन्फेशनला जाऊन आली. मी आत नव्हतोच. माहीमला एजंटाच्या ऑफिसात बसलो होतो, मैदानापासून पंधरा मिनिटांवर, गळ्यात उसना टाय, दुबईच्या इंटरव्ह्यूसाठी. तारीख पुढे ढकलता आली असती. मी विचारलंसुद्धा नाही. गोलकीपर मी, आणि मीच नाही म्हणून कार्ल गोलमध्ये उभा राहिला. त्याचा गुडघा गेला, आणि खेळाडूंच्या कोट्यातली त्याची रेल्वेची नोकरी गेली. तो अजून सगळ्यांना सांगतो, मॉरिसला कावीळ झाली नसती तर आपण जिंकलो असतो. आणि मी त्याच्यावर विनोद लिहिला.

बदरुद्दीन, आमचा मॅनेजर, तसा भला माणूस आहे. सुट्टीच्या अर्जात कारण लिहायचं असतं. कावीळ लिहिली असती तर लगेच मंजूर झाली असती, पेन तिकडेच वळत होतं. मी लिहिलं, मतदान. तो हसून म्हणाला, इन्शाल्ला. त्याचा इथे अर्थ ‘नाही’ असा असतो. मी तिकीट दाखवलं तेव्हा हसू गेलं. शिपमेंट अडकली आहे, हबीबी, आता गेलास तर नोकरी खलास. मी तिकीट खिशात ठेवलं. घरी अजून फक्त क्लेअरला सांगितलंय. तिने या वेळी दोन्ही इअरफोन काढले.

विमान उद्या दुपारचं आहे. या पत्रासोबत पोलिंग एजंटचा फॉर्म आहे: माझं नाव, यादीतला क्रमांक, बूथ, माझी सही. मला कावीळ नव्हती हे कार्लला तू सांग किंवा मी सांगेन, पण मी त्या बूथवर बसायच्या आधी त्याला कळलं पाहिजे. आणि हे वाचून मी तिथे नको असं तुला वाटलं, तर फॉर्म फाडून टाक; मी रांगेत उभा राहून मत देईन आणि शाळेच्या फाटकाबाहेर संध्याकाळपर्यंत उभा राहीन, आईच्या नावाने कोण येतं ते बघत. नाहीतर गुरुवारी सकाळी सहाला फॉर्म घेऊन शाळेत ये. उमेदवाराच्या सहीची जागा मी रिकामी ठेवली आहे.

तुझाच, कधीही कावीळ न झालेला,
मॉरिस