टीझलची लस आणि माझे बाकीचे सामान

मी, ब्रिजेट ॲन थर्टल, वय सेहेचाळीस, वनखात्याच्या कचेरीत नकाशे काढण्याचे काम करणारी, राहणार वॉरन लेन, ब्रँडन, परगणा सफक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही की फूस लावलेली नाही. उलट ज्यांच्याकडे सल्ला मागितला त्यांनी तो ऐन वेळी परत घेतला, आणि त्यामुळेच हा कागद इतका लांबला आहे. मन शांत आहे असे मात्र मला लिहिता येत नाही. कायद्याला त्याची गरज नसावी.

गॅविनशी लग्न टिकून असताना केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. शल्यविशारदांनी धोके नीट समजावले, मी संमतीच्या कागदावर सही केली, आणि मग आम्ही त्यांच्या मुलीच्या पोहण्याच्या शर्यतीबद्दल बोललो. स्वतःपुरती सही इतकी सोपी गेली याचे मला घरी आल्यावर नवल वाटले. माझी पाळीव सशीण टीझल हिच्या लसीसाठी अशीच एक सही करायची आहे आणि ती माझ्या हातून दोन वर्षे झालेली नाही.

कलम १. माझा थोरला भाऊ नेव्हिल थर्टल याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमते. तो जमीनदारांच्या रानांची राखण करतो आणि शेतात ससे वाढले की ते मारतो. मी ससे पाळते. यावरून आमच्यात होणारे विनोद संपूर्ण गावाला पाठ आहेत. माणूस चोख आहे; सांगितलेले काम करतो, न सांगितलेले करत नाही.

कलम २. राहते घर नेव्हिलला द्यावे. मांस भरलेली पेस्ट्री भाजण्याचे आईचे मातीचे भांडेही त्यालाच द्यावे. आई गेल्यावर ते मी न विचारता उचलले असे तो सात ख्रिसमस ऐकवतो आहे. त्यात तो कशाचे मांस भरील हे मला माहीत आहे. त्यावर मी अट घालत नाही.

कलम ३. गॅविनला भिंतीला भोके पाडायचे यंत्र द्यावे. घटस्फोटापासून तो तेवढेच मागत आला आहे.

कलम ४. नकाशांची पुस्तके, दुर्बीण आणि रानफुलांची चित्रे प्राण्यांचे डॉक्टर केरिसन यांना द्यावीत. जे माहीत नाही ते माहीत नाही असे सांगणारा दुसरा डॉक्टर मला भेटलेला नाही. माझ्या रोजनिशीच्या वह्या रद्दीत घालाव्यात. त्यांत गुपित काही नाही. हवामान आहे आणि सशांच्या लेंड्या आहेत, कारण ससा पाळणारा माणूस दिवसाची सुरुवात लेंड्या बघून करतो.

कलम ५. बँकेतील शिल्लक शेजारच्या श्रीमती ऑलिव्ह मिंडहॅम यांना द्यावी. त्यातून टीझलचे वाळके गवत आणि औषधपाणी चालावे. उरेल त्यात त्यांनी समुद्रकाठी जाऊन यावे, नुसते मनात म्हणत राहू नये.

कलम ६. आता टीझल.

कायद्याच्या लेखी टीझल ही कपाटासारखी एक वस्तू आहे. तिला काही देता येत नाही, तिलाच कोणाला तरी देता येते. ती वाळूच्या रंगाची मादी आहे, सहा वर्षांची. तिच्याबरोबर तिचा भाऊ ब्रॅकन होता, अगदी त्याच रंगाचा. त्याच्या डाव्या कानाला खाच होती एवढाच फरक. दोघांची जोडी पक्की होती. जोडीतल्या एकालाच दवाखान्यात नेले तर तो परक्या वासाने परत येतो आणि घरचा त्याला फाडून काढतो. म्हणून आमच्याकडे ससे पाळणारे सगळेच दोघांना एका टोपलीत नेतात, आजारी कोणीही असो. मीही तसेच करत आले.

आमच्या भागात सशांचे दोन रोग आहेत. एकात डोळे सुजून बंद होतात आणि ससा रस्त्याच्या मधोमध बसून राहतो; तो डासांनी आणि पिसवांनी येतो. दुसऱ्यात आतल्या आत रक्तस्राव होतो, आणि तो बुटाच्या तळव्यावरूनही घरात येतो. दोन्हींवर मिळून एकच लस आहे, वर्षातून एकदा.

पहिल्या वर्षी लस टोचल्यावर टीझलचे तोंड सुजले, मानेवर खपल्या धरल्या आणि तिने खाणे सोडले. ससा खायचा थांबला की त्याचे पोट थांबते, आणि पोट थांबले की ससा जातो. ऑलिव्हबाईंनी आणि मी तिला आळीपाळीने पिचकारीने भरवले. दुसऱ्या वर्षी डॉ. केरिसननी आधी सूज न येण्याचे औषध दिले. दवाखान्यातून घरी येतानाच ती गाडीत ऑलिव्हबाईंच्या मांडीवर आडवी झाली. कान गार, श्वास वरवरचा. आम्ही तशाच मागे वळलो. प्राणवायू लावून ती परत आली. हे लसीमुळेच झाले का, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "लसीमुळे नाही असं मी म्हणणार नाही. पण लस नको असंही म्हणणार नाही. बाई, तुम्ही मला नेमकं तेच विचारता जे मी घरी जाऊन स्वतःला विचारतो."

तिसऱ्या वर्षी मी ठरवले की फक्त ब्रॅकनला टोचायचे. टोपलीत अर्थातच दोघे. करोनाच्या साथीचे दिवस होते, मालकांना बाहेर गाडीतच थांबवत. डॉ. केरिसन रजेवर होते. बदली डॉक्टरांनी टोपली आत नेली आणि थोड्या वेळाने आणून दिली. कार्डावर ब्रॅकनच्या नावापुढे शिक्का होता. टीझलला काही झाले नाही. ब्रॅकनलाही काही झाले नाही.

त्या शरद ऋतूत ब्रॅकन एका सकाळी मेलेला सापडला. नाकाशी थोडे रक्त होते. मला वाटले धडकला असेल, घाबरून ससे भिंतीवर आपटतात. आमच्यात अशा वेळी मेलेल्याला लगेच उचलत नाहीत. जोडीदाराला त्याच्यापाशी राहू देतात, म्हणजे त्याला कळते आणि तो शोधत बसत नाही. मीही राहू दिले. टीझल दुपारपर्यंत त्याला चिकटून पडली होती. तिने त्याचे कान चाटले, डोळे चाटले, नाक चाटून स्वच्छ केले.

मग डॉ. केरिसननी तपासणी करवली आणि तो रक्तस्रावाचाच रोग निघाला. ज्याला लस टोचली होती तो त्याने मेला. जिला टोचली नव्हती तिने त्याचे रक्त चाटले आणि तिला शिंकही आली नाही.

ऑलिव्हबाईंनी फोनवर ते ऐकले. त्या म्हणाल्या, "पोरी, त्या दिवशी आत कोणी कान बघितला होता का?"

मी दवाखान्यात विचारले. कोणाला आठवत नव्हते. बदली डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते; त्यांनी निरोप पाठवला की कार्डावर आहे तेच खरे. मी त्यांना क्षमा केलेली नाही. प्रयत्न चालू आहे. तो पुरा होण्याआधी मी गेले तर तो अपुरा राहिला असे समजावे.

तेव्हापासून मी हे असे मांडते. त्या दिवशी चुकून टीझललाच सुई लागली असेल, तर त्या खेपेला तिला लस सोसली आणि लसीनेच तिला वाचवले. मग लस टोचावी. ब्रॅकनलाच लागली असेल, तर लस त्याच्यात फसली, आणि टीझल आधीच्या दोन वर्षांच्या जोरावर वाचली. म्हणजे ज्या सुयांनी तिला मरणाच्या दारात नेले त्यांनीच तारले, पण तो जोर आता ओसरला असणार. रक्त तपासून कळेल का, असेही विचारले. खात्रीने काही सांगता येणार नाही, असे उत्तर मिळाले. दोन वर्षे ती लसीशिवाय आहे. मी बूट फाटकाबाहेर काढते, खिडक्यांना जाळी बसवली आहे, रस्त्याकडेच्या डँडेलियन या रानफुलाची पाने तिला खायला आणणे बंद केले आहे. आणि रोज सकाळी तिच्या नाकाकडे बघते.

यंदा वसंतात गल्लीच्या टोकाला दोन आंधळे ससे बसलेले दिसले. मी दवाखान्याची वेळ घेतली. नेमके टीझलचे पोट बिघडले. डॉक्टर म्हणाले, ती पूर्ण सुधारेपर्यंत टोचायचे नाही. सुधारेल तोवर मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असेन, किंवा त्यानंतर जिथे असायचे तिथे.

म्हणून गेल्या रविवारी मी नेव्हिल आणि ऑलिव्हबाई दोघांना जेवायला बोलावले. माझा हिशेब सोपा होता. नेव्हिल वर्षानुवर्षे टोच म्हणत आला आहे, ऑलिव्हबाई नको म्हणत आल्या आहेत. टीझल ज्याच्या नावे करीन त्याच्या मनासारखे होईल, आणि मला त्यातले काही लिहावे लागणार नाही.

नेव्हिलने बटाटे सोलता सोलता नेहमीचे सुरू केले, की एवढ्या खर्चाचा ससा त्याने आजवर सोलला नाही. मग म्हणाला, "टोच आणि मोकळी हो, ब्रिज. मी रोज बघतो त्यांना. डोळे बंद, कानाखाली गाठी. पाऊल वाजलं तरी हलत नाहीत. मी गोळी घालतो तर सुटतात बिचारे."

"तुम्ही गोळी घालून पुढे जाता," ऑलिव्हबाई म्हणाल्या. "मांडीवर घेऊन बसत नाही. मी बसले होते."

"बरं, मग तूच ने तिला," मी नेव्हिलला म्हटले. "माझ्या मागे ती तुझी. सुधारली की टोच."

त्याने सुरी खाली ठेवली. "मला यात ओढू नकोस," तो म्हणाला. "रानातला ससा कोणाचा नसतो. ही तुझी आहे. तू गेल्यावर तुझं म्हणून एवढंच उरणार, आणि तेही माझ्या हातून गेलं, तर मी तुझ्या थडग्यापाशी कोणत्या तोंडाने येऊ?"

मी ऑलिव्हबाईंकडे वळले. त्या लगेच हो म्हणाल्या; टीझल त्यांच्या स्वयंपाकघरात राहील, खिडकीखाली. टोचणार मात्र नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही. पण पुढे म्हणाल्या, "तू लिहून दे, पोरी. टोचू नये असं. तुझ्या हाताने."

मी म्हटले, तुमच्या मनात तेच आहे, मग लिहायचे कशाला?

"उद्या ती नाकातून रक्त येऊन मेली तर मला बघायला कागद हवा."

"आणि मी टोचावं असं लिहिलं तर?"

"तर टोचेन. रडत टोचेन, पण टोचेन." त्यांनी बशीतला पाव सरळ केला. "फक्त 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' असं लिहू नकोस. माझ्या नवऱ्याने, डेझमंडने, तसं लिहून ठेवलं होतं, त्याच्या श्वासाच्या यंत्राबद्दल. मी बंद करा म्हटलं. आता नऊ वर्षं झाली, मी अजून त्याला विचारतेय."

जेवण झाल्यावर दोघांनी भांडी धुतली आणि हवामानावर बोलले.

म्हणून मी पुढीलप्रमाणे लिहिते.

(अ) टीझल श्रीमती ऑलिव्ह मिंडहॅम यांना द्यावी.

(आ) टीझलला लस टोचावी.

हे वाक्य लिहायला माझी सकाळ गेली. मी ते खात्रीने लिहीत नाही. ती त्या दुपारी मेलेल्या भावाला चिकटून पडली होती आणि जगली. तिला कोणत्या तरी सुईने राखले, एवढेच मला समजते. दुसरीकडे तिचे गार पडलेले कानही मला आठवतात. दोन्हींपैकी एकच बाजू खरी, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही. पण रोग येईल की नाही यावर मी तिला सोडले, तर तोही निर्णयच होतो, फक्त त्यावर कोणाची सही नसते.

(इ) तिचे पोट पूर्ण सुधारून काही आठवडे गेल्यावरच टोचावे. डॉ. केरिसननी स्वतः टोचावे, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर दवाखाना उघडा असेल. लगेच घरी आणू नये. बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत थांबावे. गाडी नेव्हिलने चालवावी आणि थांबावे त्यानेही. ऑलिव्हबाईंनी तिला मांडीवर घ्यावे. त्यांना ते नकोसे होईल हे मला माहीत आहे. पण तिला तीच मांडी ओळखीची आहे.

(ई) मी शस्त्रक्रियेतून परत आले तर हा कागद कायद्याने कोणालाच बांधत नाही. तरी पोटकलम (आ) मी स्वतःला लागू समजेन. हा मजकूर साक्षीदारांसमोर वाचून दाखवण्याचे तेवढेच कारण आहे, नाहीतर मी पुन्हा पुढच्या वर्षावर ढकलीन.

(उ) वर सांगितल्याप्रमाणे टोचल्यावर टीझल मेली, तर तो दोष माझा. घर मी दिले, भांडे दिले, शिल्लक दिली, टीझलही दिली. हा दोष मात्र मी कोणाच्याही नावे करत नाही. नेव्हिलने तो उचलू नये, त्याच्या खांद्यावर बंदूक पुरेशी आहे. ऑलिव्हबाईंनी तो घेऊ नये. त्यांच्याकडे आधीच एक आहे, आणि तोही त्यांचा नव्हता. त्यांनी हा कागद स्वयंपाकघरात हाताशी ठेवावा आणि लागेल तेव्हा एवढीच ओळ वाचावी: ब्रिजेटने सांगितले म्हणून केले.

ठिकाण : ब्रँडन, परगणा सफक
दिनांक : ९ मे २०२३

सही
ब्रिजेट ॲन थर्टल

आम्ही दोघे एकाच वेळी, एकाच टेबलाशी हजर होतो. मजकूर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, पोटकलम (आ) दोनदा. त्यानंतर बाईंनी आमच्यादेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केल्या. यात आम्हाला काही मिळणार नाही, म्हणूनच आम्हाला बोलावले.

१. हॉवर्ड गूच, बेकरीवाले, ब्रँडन
२. विनिफ्रेड लार्टर, वाचनालयाच्या मदतनीस, ब्रँडन