सर्वांत सावकाश बाटली

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून खडू-फळा बंद. मुलांनी मातीत हात घालून शिकायचे. शुक्रवारी तपासणीस येताहेत. त्यांच्यासमोर ज्याचा प्रयोग रंगेल तो विज्ञान विभागाचा प्रमुख, असे हेडसर म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. संकोची माणूस. दुसऱ्या उमेदवार रसायनाच्या बाई. त्यांचे वाईट वाटते.

तीन बाटल्यांची बुडे कापली, तोंडाला फडके बांधून उलट्या टांगल्या. वाळू, बागेतली माती, चिकणमाती. पाणी ओतायचे. वाळूतून झरझर, चिकणमातीतून थेंब थेंब. माती चाळायला घरची पिठाची चाळणी आणली. बायकोला सांगितलेले नाही.

५ ऑगस्ट, सकाळी ७
बायकोला कळले.

दुपारी
मुलांनी बाटल्यांना हात लावला! ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली. हाताने शिकणे शुक्रवारनंतर.

६ ऑगस्ट
चिकणमाती चिखलासारखी दिसते. तपासणीसांपुढे चिखल? बाटल्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. प्रयोगशाळेचे मामा म्हणाले, ओली राहू द्या सर, वाळली तर घोटाळा होईल. मामांचा जन्म बरण्या विसळण्यात गेला. मातीचे गुणधर्म हा माझा विषय आहे, असे सौम्यपणे सांगितले. बाईंनी नंतर विचारले, ओरडत का होता.

७ ऑगस्ट
माती खडखडीत वाळली. कडा सोडून अंग चोरून बसली आहे. देखणी दिसते. लेबले चिकटवली: ‘सर्वांत जलद’, ‘मध्यम’, ‘सर्वांत सावकाश’. प्रमुखाच्या खोलीतला पंखा कुरकुरतो. बदलून घ्यावा लागेल.

८ ऑगस्ट, ११.४०
‘सर्वांत सावकाश’मधून पाणी सर्वांत आधी आले. वाळूच्याही आधी. खालचा ग्लास भरून तपासणीसांच्या बुटात गेले. त्यांनी कारण विचारले. मी म्हणालो, पाणी नळाचे होते.

मग त्यांनी मामांकडे पाहिले. मामांनी मातीचा गड्डाच बाहेर काढून मुलांच्या हातात दिला.
“वाळली की आक्रसते. कडेला फट पडते. पाणी मातीला शिवतच नाही, फटीतून पळतं.”
सगळा वर्ग मातीत हात घालून बसला. माझी पाटी कुणी वाचलीच नाही.

११ ऑगस्ट
बाई प्रमुख झाल्या. पहिला आदेश: हा प्रयोग सगळ्या वर्गांना दाखवायचा. दाखवणार मामा. मदतीला मी. माती ओली ठेवायला हवी हे मला बुधवारीच कळले होते. बोललो नाही इतकेच. चाळणी परत नेली. बायको म्हणाली, नवी आणलीय, ही आता तुमचीच.

दुपारी बाटल्या विसळत होतो. मामा म्हणाले, “सर, नुसतं पाणी फिरवून माती जात नाही. आत हात घाला.”