पोटातली पेटी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वजनदार नमस्कार. तुझा खोकला गेला का? मी मजेत आहे, फक्त गुडघ्यांनी माझ्याशी अबोला धरलाय. डॉक्टर म्हणतात, आधी वजन उतरवा, मगच ऑपरेशन. आणि ऑपरेशनशिवाय तुझे तीन जिने मला चढवायचे नाहीत. तुझ्या नव्या घराची खिडकी मी अजून फोटोतच बघतेय.

म्हणून जेवण निम्म्यावर आणलं, तर भूक दुप्पट झाली. आहाराच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की यामागे हार्मोन्स असतात. घ्रेलिन पोटातून ‘जेवा, जेवा’ म्हणून ओरडतं. खाणं तोडलं, झोप मोडली की जास्तच. लेप्टिन चरबीतून मेंदूला ‘पुरे’ असं कळवतं. (मग माझ्याकडे ते भरपूर असेल, मी आशेने म्हटलं. “भरपूर आहे, मावशी, पण मेंदू ऐकेनासा झालाय.” म्हणजे थेट आमच्याच घरातली गत: मी जितकी जास्त बोलते, तितकं यांना कमी ऐकू येतं.)

यांना तर ‘हार्मोन’चं ‘हार्मोनियम’ ऐकू आलं. खालच्या गाण्याच्या बाईंना सांगून आले, “हिची पेटी फार छळते हो, वेळीअवेळी वाजते!” बाई लगेच वर आल्या, नको असेल तर क्लासला द्या म्हणाल्या. माझ्या तोंडात लोणी-पावाचा भलामोठा घास. “कुठे ठेवलीय?” मी मुकाट्याने पोटाकडे बोट दाखवलं. बाईंनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “मोठी आहे हो!”

खरं तर बोर्डिंगमध्ये ताट लख्ख झाल्याशिवाय उठू न देणाऱ्या सिस्टरांपुढे बिचाऱ्या लेप्टिनची काय टाप होती? तू तुझा पाव हळूच माझ्या ताटात सरकवायचीस. मला ते प्रेम वाटायचं. अजूनही वाटतं. (तू सडपातळ राहिलीस, तो भाग वेगळा.)

आता मी डाळी-अंडी खाते, सावकाश चावते, वेळेवर झोपते. काटा जागचा हलत नाही. यांनी नुसतं सोबत म्हणून पथ्य केलं, तर यांची पँट घसरायला लागली.

तुझीच (आहे तितकी सगळी),
धाकटी

ता.क. सोमवारी हॉस्पिटलात माझं वजन आहे. तिथली नर्स नाव पुकारते आणि मान वर न करता काट्यावर उभं करते. शाळेत सिस्टर आपल्याला कायम एकमेकींच्या नावाने रागवायच्या, आठवतं ना? माझं नाव पुकारलं की तू उठशील?

आणखी एक. येताना उपाशीपोटी ये. बाहेर पडलो की दोघी पोटभर जेवू.