हाकेला ओ

रविवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण तू फोन उचलत नाहीस आणि माझ्या निरोपांना उत्तर देत नाहीस. कागदावरचं तरी वाचशील. लहानपणी माझ्या चिठ्ठ्या तू फाडायचीस, पण आधी वाचून फाडायचीस.

आधी घरच्या बातम्या. लिफ्ट पुन्हा बंद पडली आहे, त्यामुळे आईचं खाली उतरणं थांबलंय. न्हाणीघरातला नळ अजून गळतो. प्लंबर येतो, नळाकडे बघून मान हलवतो आणि जातो. माझं वजन वाढलंय, तेव्हा ‘ढमी’ हे तू ठेवलेलं नाव अजून तरी वाया गेलेलं नाही.

नोकरी तीच, अजब बातम्यांच्या संकेतस्थळावर. बटाट्यात सापडलेली अंगठी, पत्ता नसताना पोचलेलं पार्सल, आरशाला घाबरणारा घोडा. लोक वाचतात, एकमेकांना पाठवतात आणि खाली तावातावाने भांडतात. संपादक तेच, आमचे कात्रीसाहेब. मजकूर कितीही छोटा द्या, त्यातलं एखादं वाक्य कापल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

आमच्याकडची एक गंमत तुला कधी सांगितली नव्हती. आम्ही मरमर करून गोळा केलेल्या गोष्टी दुसरे लोक जशाच्या तशा उचलतात. म्हणून दर आठवड्याच्या बातम्यांच्या माळेत आम्ही एक खोटा मणी ओवतो, म्हणजे निव्वळ मनाने रचलेली एक गोष्ट. ती दुसरीकडे कुठे दिसली की चोर सापडला. हे मणी घडवणं माझं काम. कुणाला इजा होईल असं काही नको, खऱ्या गावाचं नाव नको आणि शोधूनही जगात कुठे सापडता कामा नये, एवढीच पथ्यं.

गेल्या महिन्यात मी असा मणी घडवला. एका बेटावर म्हणे घरातलं माणूस हरवलं, की रोज संध्याकाळी जेवायच्या वेळी घरची बाई त्याला हाक मारते आणि आतल्या खोलीतून घरातलंच कुणीतरी त्याच्या आवाजात ओ देतं. माणूस परत येईपर्यंत त्याची जागा अशी धरून ठेवायची. शेवटचं वाक्य कात्रीसाहेबांनी नेहमीप्रमाणे उडवलं. कुठून सुचलं म्हणून विचारू नकोस.

ताई, तो मणी असा धावला की काय सांगू! आजवरचं माझं सगळ्यात जास्त वाचलेलं लिखाण, आणि तेही खोटं. खाली लोक लिहायला लागले, ‘आमच्या आजोळी असंच करायचे’, ‘माझी पणजी मरेपर्यंत हाक मारायची’. मी खुर्चीत बसून हसत होते. लोकांना काय, कशाचीही आठवण येते.

मग आईने ते वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या खोलीत इस्त्री करत होते. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “राजा, जेवायला ये रे!” जणू आपला दादा चष्म्याची दांडी बसवून आणायला म्हणून गेला आणि परतलाच नाही, असं कधी झालंच नव्हतं. मी इस्त्री उभी करून ठेवली. आई वाट बघत राहिली. मला ते सहन होईना. मी तोंडापुढे हात धरला, घसा जाड केला आणि ओरडले, “ओ! आलो आलो!”

आई हसली गं. मला वाटलं होतं रडेल. हसली आणि मग जेवली, पोटभर.

तेव्हापासून रोज ती हाक मारते आणि मी ओ देते. तू म्हणशील, हा वेडाचार आहे. म्हण. पण जेवताना तू “तो मेलाय, आई” म्हणालीस आणि ती “मग तूही मला मेलीस” म्हणाली, त्या दिवसानंतर मी तिला पहिल्यांदाच ताटातलं सगळं संपवताना पाहिलं. आता ती वेणी घालते. नळाला शिव्या देते. मी एवढंच बघते.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

तुझी,
ढमी


रविवार, २५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं उत्तर नाही. टपालाला उशीर झाला असेल, असं म्हणते.

नळ दुरुस्त झाला. न्हाणीघर आता इतकं शांत असतं की थेंबांची आठवण येते. लिफ्ट मात्र तशीच. हवा बरी आहे. ऑफिसात नवीन खुर्च्या आल्या, कुरकुर करत नाहीत.

हे मी उगाच लिहितेय. ओळखलं असशीलच.

त्या मण्याखाली अजून लोक लिहितात. सोमवारी कुणीतरी लिहिलं, ‘आणि एका हाकेला दोन आवाजांनी ओ दिली, तर त्या दिवसापासून हाक मारणं बंद करायचं. हे लिहायचं राहिलं वाटतं.’ नावाच्या जागी नुसतं एक टिंब होतं.

ताई, कात्रीसाहेबांनी उडवलेलं वाक्य तेच होतं. अगदी तेच. ते मी आणि त्यांनी सोडून कुणी वाचलेलं नाही. मी त्यांना विचारायला गेले. ते म्हणाले, “मी कापलेली वाक्यं लक्षात ठेवली असती, तर एव्हाना वेडा झालो असतो.” मी त्या टिंबाला विचारलं, ‘तुमचं गाव कुठलं?’ उत्तर नाही. आजकाल मला कुणीच उत्तर देत नाही.

लोकांना सुचतं एकसारखं, असं मी स्वतःला समजावलं. आमच्या धंद्यात योगायोगाला तोटा नाही, आम्ही त्यावरच पोट भरतो.

बुधवारी ऑफिसातून निघायला उशीर झाला. जिना चढून दारापर्यंत आले, किल्ली काढली, तेवढ्यात आतून आईची हाक ऐकू आली. “राजा, जेवायला ये रे!” मला चुटपुट लागली, आज ओ द्यायला मी नाही, ही बिचारी वाट बघत बसेल. मी घाईने किल्ली फिरवायला लागले.

आतून ओ आली. “ओ! आलो आलो!”

मी दार उघडलं. आई ओट्याशी होती, पाठ माझ्याकडे. तिने वळूनही बघितलं नाही. म्हणाली, “आज अगदी हुबेहूब जमलं हो, ढमे.” मी पायात बूट, खांद्याला पिशवी, अशी उंबऱ्यातच उभी. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, “हो ना.” मग मी वळले, बूट काढले, हात धुतले आणि दादाच्या खोलीत गेले. कुणी नव्हतं. खिडकीची कडी आतून लावलेली. पलंगावर माझे इस्त्रीचे कपडे होते तसेच.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या खोलीत जाऊन बसले. ओठ घट्ट मिटले, वर हात दाबून धरला. आईने हाक मारली आणि ओ आली. त्याच खोलीतून, माझ्या शेजारून, कपाट आणि खिडकी यांच्या मधून. तिथे एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा आहे. लपाछपीत तू तिथेच लपायचीस.

मला सगळ्यात भीती कशाची वाटली ते सांगते. तो दादाचा आवाज नव्हता. दादाचा आवाज मला ओळखू येणार नाही का? ती माझी नक्कल होती. ‘आलो’ म्हणताना मला तेवढा खालचा सूर लागत नाही, घसा फाटतो आणि मी मधेच जरा खाकरते. ते खाकरणंसुद्धा होतं. मी गोष्ट रचते आणि ती कोण उचलतो यावर टपून बसते, तीच माझी नोकरी. इथे कुणीतरी माझ्याकडून दादा उचलला होता.

काल मी आईला सांगितलं. सगळं सांगितलं, मणी खोटा आहे इथपासून. दोन आवाजांचंही सांगितलं. म्हटलं, “आई, तो नाही तो. मी तोंड उघडलं असतं तर परवाच दोन आवाज झाले असते. आता हाक बंद कर.”

ती भांडी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, “वाचलंय मी ते टिंबवाल्याचं. दोन आले तरच बंद करायचं ना?”

“हो.”

“मग तू गप्प बसत जा.”

एवढं बोलून तिने दादाचा पेला इतर पेल्यांच्या पुढे मांडला.

तुला घाबरवायला लिहीत नाही. मी घाबरले आहे म्हणून लिहितेय. तू असतीस तर आईला दम दिला असतास आणि मलाही दिला असतास. दम खाण्यासाठी इतकी आसुसलेली मी कधी नव्हते.

तुझी,
ढमी


गुरुवार, ७ मार्च

ताई,

तुझा फोन आता लागतच नाही. आधी निदान वाजायचा. तुझ्या घरमालकिणीचा नंबर माझ्याकडे नाही, कामाच्या ठिकाणी विचारलं तर म्हणाले, रजेवर आहे. कुठे गेली ते त्यांना माहीत नाही. तू रागावून कुठेतरी निघून गेली आहेस, असं मी मनाशी घट्ट धरून ठेवलंय. तुझ्यासारखंच आहे ते.

मी आता गप्प असते. ओ येते, आई जेवते. तिचे गाल भरलेत. जेवताना ती माझ्याशी बोलते आणि मधे थांबते, कुणाचं तरी ऐकल्यासारखी. मी खाली बघून घास गिळते.

मी एकदा दोन आवाज करायचा प्रयत्न केला. हाकेसरशी ओरडले, “ओ!” त्या दिवशी दुसरीकडून काहीच आलं नाही. आईने माझ्याकडे जसं बघितलं ते मी विसरणार नाही. म्हणाली, “त्याला हाकलतेस?” आणि ताट सरकवून उठली. उपाशी झोपली.

पुढचं लिहायचं म्हणूनच पत्राला बसले आणि मघापासून इकडचं तिकडचं चाललंय.

काल संध्याकाळी आईने आधी नेहमीची हाक मारली, ओ आली. मग तिने पदराने हात पुसले आणि तुला हाक मारली. इतक्या वर्षांनी. तुझं ते लाडाचं नाव घेऊन, जे त्या दिवसापासून या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. “जेवायला ये गं, पुरे झाला राग,” म्हणाली. मला इतकं भरून आलं की मी सगळी भीती विसरले. मनात म्हटलं, हे तुला लगेच कळवायला हवं. आईने तुला माफ केलं, ताई. की तिलाच माफी हवी होती, कोण जाणे.

तेवढ्यात ओ आली.

“येतेय गं, जरा थांब ना!”

तू वैतागून म्हणतेस ना, ‘ना’ ओढून, वाचता वाचता मान वर न करता, तस्सं. आईच्या हातातली पळी खाली पडली. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्यासमोर उभी होते, माझे ओठ मिटलेले होते, तिने ते नीट पाहिलं. यावेळी ती हसली नाही. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “तिच्या नावाने कशाला ओ देतोय तो? ती तर आहे ना? ढमे, ती आहे ना?”

मी म्हटलं, “आहे, आई. कामात असते ती.”

ती रात्रभर जागी होती. आज तिने कुणालाच हाक मारली नाही.

ताई, मी दिवसभर एकच हिशोब करतेय. दादाचा आवाज त्या ओ देणाऱ्याने माझ्याकडून घेतला, माझ्या खाकरण्यासकट. दादाचा खरा आवाज त्याच्याकडे नव्हताच. यातून मी हवा तो अर्थ काढते, आणि तो अर्थ आशेचा आहे, दादा अजून कुठेतरी जिवंत असेल. पण तुझी नक्कल मी कधी केली नाही. आईनेही केली नाही. या घरात तुझ्यासारखं बोलणारं कुणी नाही आणि त्या आवाजात एकही खोटा सूर नव्हता. मग तुझा आवाज त्याने कुणाकडून घेतला?

याचं उत्तर पत्राने नको. फोनवर तर अजिबात नको, फोनवरच्या आवाजावर माझा आता विश्वास बसणार नाही. तू स्वतः ये. आई म्हणतेय, ती आली की मी एकदाच हाक मारेन, शेवटची, तिच्या देखत. तू माझा हात धरून उभी राहा आणि ओ दे. दोन आवाज आले की संपलं, आई बंद करेल, तिने तसं कबूल केलंय. एकच आला, तुझा, तर त्याहून बरं.

लिफ्ट बंद आहे, जिन्याने यावं लागेल. वर येताना खालूनच “आले गं” म्हणून ओरडायची तुझी सवय आहे. तेवढी आवर. एक शब्द बोलू नकोस. वर ये आणि बेल वाजव. बेल त्याला अजून वाजवता येत नाही.

आम्ही दोघी तोंड मिटून दाराशी बसलो आहोत.

ढमी