दोन रकाने

आग्रा, ९ ऑगस्ट

चि. लल्ला,

मोठ्या बहिणीचे, तुझ्या जीजीचे अनेक आशीर्वाद. दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र मधेच कापता येत नाही.

इकडे सगळं झकास. मापाचे जोडे शिवणारं आपलं दुकान जोरात आहे. छिद्दू काका अजून सगळ्या कारागिरांवर आणि माझ्यावर खेकसतात, म्हणजे प्रकृती ठणठणीत. फक्त वेबसाइट बंद ठेवावी लागली. गेल्या महिन्यात एक्केचाळीस जोडे परत आले. कुणाचा उजवा चावतो, कुणाचा डावा पायातून निघतो. म्हणून नवा प्रोग्रामर शोधायला बसले.

नऊ जण आले. सगळ्यांना एकच विचारलं, "मला वेबसाइटवरून जोडा मागवायचाय. माझ्याकडून काय काय माहिती घेशील?" कुणी रंग म्हणालं, कुणी ईमेल, एका शहाण्याने तर जन्मतारीख! म्हटलं, "बाळा, जोडा शिवायचाय, पत्रिका नाही जुळवायची." पायाचा नंबर सगळ्यांनी विचारला, पण एकच.

फिरोजाबादच्या शगुफ्ताने मात्र आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "दीदी, दोन्ही पायांची मापं वेगवेगळी घ्याल ना? माझा उजवा मोठा आहे. विकतचा जोडा नेहमी तिथेच चावतो." आतून काका ओरडले, "हिलाच घे!" घेतली. तुझी जागा भरली, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्याच दिवशी तिने तुझं जुनं काम उघडलं. "दीदी, दोन पायांचे दोन रकाने होते की इथे! कुणी काढले?"

मी काढले, लल्ला. फॉर्म लांबतो, गिऱ्हाईक पळतं, असं तुला सांगितलं होतं. साफ खोटं. ते रकाने पाहून मला वाटलं, माझा पोलिओचा पाय तू बाजारात मांडलास. बाबूजींनी मापाचा पहिला जोडा माझ्यासाठीच शिवला, उजवा सहा नंबरचा, डावा तीनचा. त्यातूनच हे दुकान उभं राहिलं, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण लाज वाटली, आणि ती मी तुझ्यावर काढली. सगळ्या कारागिरांसमोर बोलले, "कधी आरी हातात धरली नाहीस आणि मला माप शिकवतोस?" त्याच दिवशी तू बंगळूरची गाडी धरलीस.

रकाने परत लागलेत. काल सगळ्यांना काम थांबवायला लावलं आणि उभी राहून सांगितलं, "लल्ला बरोबर होता. मी चुकले." अपमान त्यांच्यासमोर केला होता, मग कबुली कोपऱ्यात कशी द्यायची? काकांनी नाक शिंकरलं. म्हणाले, "आम्हाला काय सांगतेस? त्याला सांग."

सांगितलं. कामासाठी बोलावत नाहीये, काम शगुफ्ता बघतेय. तू नुसता घरी ये.

मोठी म्हणून आशीर्वाद देणारी, चुकली म्हणून हात जोडणारी,
तुझी जीजी