विहीर बुजवू नये

मी, धोंडाबाई कोंडाजी मालपोटे, वय ६८, धंदा शेती, राहणार मौजे मुठा, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. वकील मेधाताईंना मी बजावले आहे की कायद्याचे तेवढे तुम्ही लिहा, बाकी मी सांगते तसे उतरवा.

१. मला एकच अपत्य, मुलगी रेश्मा. ती पुण्यात दगडांचे वय काढण्याचे संशोधन करीत होती. ती हयात नाही. पती २०२० साली वारले. त्यांच्या पश्चात माझ्या नावे आलेली जमीन, त्यातील विहीर व राहते घर यांची मी एकटी मालक आहे.

२. जमीन व घर पुतण्या रोहित यास देते. अट एकच, विहीर बुजवायची नाही. रेश्मा गेल्यापासून गाव त्या विहिरीला अपशकुनी म्हणते. पतीने मरेपर्यंत तिचे पाणी तोंडाला लावले नाही. मी रोज तेच पिते.

३. काय घडले ते येथे नोंदवते, कारण तोंडी सांगून कोणी ऐकले नाही. २०१९ च्या चैत्रात विहीर आटली होती. रेश्मा तिच्यासोबत काम करणाऱ्या अनिमेषला घेऊन आली. मी म्हटले, "दगडच पायजे ना? बांधावर ढीग हाय."

"त्ये उन्हापावसानं कुजलेत, आई. दगडात पोटॅशियम असतं. त्यातलं थोडं थोडं बदलून आर्गॉन वायू व्हतो आन् आतच अडकून राहतो. लाव्हा थिजल्यापासून किती साठला त्ये मोजलं की वय कळतं. कुजक्या दगडातनं वायू निसटतो, मग वय कमी येतं. तळाचा दगड ताजा असतोय."

"आन् वय कळून काय करायचं?"

"आपून कशावर राहतोय त्ये तरी कळंल."

पायऱ्या अर्ध्यावर संपतात. पुढे ती कमरेला दोर बांधून उतरली. दगडांची पाटी वर आली. मग ती चढू लागली आणि दोर काठाच्या धारेवर तुटला. मी तिथेच उभी होते. तुटलेले टोक अनिमेषच्या मुठीत होते. ते टाकून तो पायऱ्यांवरून खाली धावला. गाव म्हणते, त्याने दोर सोडला. पतीही तसेच समजून गेले. मी पूर्ण शुद्धीत लिहून देते, त्याने दोर सोडला नाही.

४. दीर विठ्ठलराव, म्हणजे रोहितचे वडील, रेश्माच्या अंत्यविधीला म्हणाले होते, "पोरीला दगडं फोडाया शिकवलं की असंच व्हतं." त्यांना मी काही देत नाही. त्यांचे वाक्य तेवढे परत करते.

५. बँकेतील ठेवीतून विहिरीला कठडा व तळापर्यंत लोखंडी शिडी बसवावी. कोणी दगडासाठी आले तर रोहितने अडवू नये. उरेल ते त्याच्या मुलीच्या, किमयाच्या, शिक्षणाला. तिला जे शिकायचे ते शिकू द्यावे, आजोबांना विचारू नये.

६. रेश्माचा हातोडा अनिमेषला द्यावा. २०२२ साली तो एकटा आला. ओट्यावर बसेना. म्हणाला, "काकू, त्या दगडाचं वय निघालं. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षं. लेख छापून आलाय. पहिलं नाव रेश्माचं आहे."

मी विचारले, "आन् तिचं वय लिवलंय का त्यात?"

"नाही काकू. माणसांचं वय लिहीत नाहीत त्यात."

मग तो रडला. मी जवळ बसून राहिले.

ते कोठेतरी लिहिलेले असावे, म्हणून येथे लिहिते. रेश्मा कोंडाजी मालपोटे, वय एकोणतीस वर्षे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

(सही) धोंडाबाई कोंडाजी मालपोटे

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. (सही) भिकू म्हसू कोकरे, राहणार मुठा
२. (सही) गौतमी निरंजन शेडगे, राहणार बावधन

स्थळ: मुठा
दिनांक: १४ एप्रिल २०२५